साम्रद : सांधण दरी पाहायला जाताय? मुक्काम गावातच करा

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर साम्रद हे आदिवासी गाव आहे. गावाजवळच सांधण दरी. जमीन दुभंगावी तशी ही चीर आहे. दोन्हीकडे सरळ उभे कातळ, खाली मोठाले धोंडे आणि मध्येच साचलेलं थंडगार पाणी. ते कधी गुडघाभर, कधी कमरेपर्यंत लागतं.

नगरकडून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता आहे. मुंबईकर इगतपुरीला उतरून घोटी, बारीमार्गे शेंडीला येतात. पुढे एसटीच्या भरवशावर राहू नका. वाटेत रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नये.

राहायची सोय गावातल्या घरांत किंवा तंबूत होते. भाकरी, पिठलं, ठेचा, भात. कोंबडी हवी असेल तर आधी सांगा. गावात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून माणसं किती, जेवण काय, हे निघण्यापूर्वीच फोनवर ठरवा. रोख पैसे जवळ ठेवा. पाणी मात्र जपून वापरा. या पट्ट्यात पाऊस धो धो कोसळतो, पण पाणी कड्यावरून निघून जातं आणि एप्रिल-मे महिन्यात बायांच्या डोक्यावर हंडे येतात.

पावसाळ्यात दरीत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. वर सर आली की सगळं पाणी याच चिरेत शिरतं आणि बाजूला सरकायला जागा नसते. हिवाळा उत्तम. गावातला वाटाड्या घ्या, मजुरी आधी ठरवा. दोर आणि जाणकार माणूस नसेल तर शेवटच्या कड्याखाली उतरू नका, आल्या वाटेने परत फिरा.