तीव्र आणि संहत : दोन शब्दांच्या फारकतीचा इतिहास

मराठी समीक्षेत 'तीव्र' आणि 'संहत' ही विशेषणे बहुधा जोडीने येतात. अनुभव तीव्र, म्हणून रचना संहत, असे आपण सहज लिहून जातो. रसायनशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकात मात्र हेच दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवलेले आढळतात. तेथे 'तीव्र' आम्लाच्या विरुद्ध 'सौम्य' आणि 'संहत' आम्लाच्या विरुद्ध 'विरल'. पहिली जोडी आम्लाचा स्वभाव सांगते, दुसरी पाण्यातले त्याचे प्रमाण. शाळकरी मुलाला आज एका वाक्यात सांगता येणारी ही फारकत शास्त्रात रुजायला शंभरएक वर्षे लागली. त्या वर्षांकडे भाषेच्या अभ्यासकांनीही पाहावे, असे आम्हांस वाटते.

आम्ल म्हणजे मुळात आंबट. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थही तोच. जिभेला आंबटपणा कळतो. तो पदार्थाच्या स्वभावामुळे आहे की प्रमाणामुळे, हे कळत नाही. रॉबर्ट बॉइलने १६६४ साली व्हायोलेट फुलांच्या पाकाचा रंग आम्लाने तांबडा आणि अल्कलीने हिरवा होतो हे नोंदवले, तेव्हा जिभेची जागा डोळ्याने घेतली, पण 'किती?' या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. पुढे लव्हॉझिएने आम्लतेचे मूळ एका वायूत आहे असे मानून त्याला 'आम्लजनक' अशा अर्थाचे ऑक्सिजन हे नाव दिले. हायड्रोक्लोरिक आम्लात तो वायू नाहीच, हे हंफ्री डेव्हीने १८१० साली दाखवले. सिद्धान्त गेला, नाव राहिले. आपला 'प्राणवायू' या चुकीपासून मुक्त आहे.

आम्लाचे बळ मोजायचे कसे? बर्टोलेने १८०३ साली दिलेले उत्तर तर्काला धरून होते : ठरावीक अल्कली निष्प्रभ करायला ज्या आम्लाचे वजन कमी लागते, ते अधिक बलवान. परंतु ही मोजणी साठ्याची आहे, बळाची नव्हे. एका भांड्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि दुसऱ्यात व्हिनेगारमधले ॲसेटिक आम्ल घ्यावे. दोन्हींचे प्रमाण दर लिटरला ०.१ मोल. दोन्ही निष्प्रभ करायला कॉस्टिक सोडा तंतोतंत सारखाच लागतो. पण जस्ताचा तुकडा टाकला, तर पहिल्यात बुडबुडे उसळतात आणि दुसऱ्यात ते रेंगाळत निघतात. हिशेब सारखा, वागणूक निराळी.

या विसंगतीचा उलगडा उप्साला येथील स्वान्ते अर्‍हेनियसच्या १८८४ सालच्या प्रबंधापासून सुरू झाला. द्रावणातून वीज कशी वाहते याचा तो अभ्यास परीक्षकांना फारसा पटला नाही आणि प्रबंधाला कनिष्ठ श्रेणी मिळाली. रीगाहून विल्हेल्म ऑस्टवाल्ड मात्र या तरुणाला भेटायला त्याच वर्षी उप्सालाला गेला. जे आम्ल वीज चांगली वाहते तेच रासायनिक क्रियाही झपाट्याने घडवते, हे दोघांच्या निरीक्षणांतून जुळले. आम्लाचे रेणू पाण्यात आयनांमध्ये विभागतात, हे अर्‍हेनियसने १८८७ मध्ये स्पष्टपणे मांडले. तीव्र आम्ल जवळजवळ पूर्ण विभागते, सौम्य आम्ल अंशतः. विरलता वाढली की सौम्य आम्लाचा विभागलेला अंशही वाढतो, हा ऑस्टवाल्डचा १८८८ सालचा नियम.

राहिली मोजपट्टी. ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर-कारखान्याच्या प्रयोगशाळेत तयार झाली. तेथील एस. पी. एल. सोरेन्सन विकरांचा अभ्यास करीत होता. विकरांना आम्लाच्या एकूण साठ्याशी कर्तव्य नसते. त्या क्षणी मोकळ्या असलेल्या हायड्रोजन आयनांशी असते, हे त्याने १९०९ साली ठासून सांगितले. हे आयन इतके थोडे असतात की आकडे शून्यांनी भरून जातात, म्हणून त्याने दहाचा घातांक घेतला : दर लिटरला एक हजारांश मोल असतील तर ३, एक दशसहस्रांश असतील तर ४. हाच पीएच, मराठीतला सामू. त्यातल्या 'पी'चा अर्थ काय, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. पाठभेदांची सवय असलेल्या आमच्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

आता तीच दोन भांडी पुन्हा पाहावीत. हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १. ॲसेटिक आम्लाचा सुमारे २.९, कारण त्याचे शंभरांतले एखाददुसरेच रेणू विभागलेले असतात. दोन्ही दहापट विरल केली, तर पहिल्याचा सामू २ होतो. दुसऱ्याचा अर्ध्यानेच वाढून ३.४. पहिले आणखी दहापट विरल केले की त्याचा सामू ३ होतो, म्हणजे मूळच्या ॲसेटिक आम्लाहून किंचित अधिक. तीव्र आम्ल विरल असेल तर संहत सौम्य आम्लापुढे फिके पडते. सामूचा एकच आकडा दोन्ही कारणांचा संयुक्त परिणाम सांगतो; त्यावरून कोणतेही एक कारण परत काढता येत नाही.

शब्दांची ही गल्लत नेहमीच निरुपद्रवी नसते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल शास्त्राच्या परिभाषेत 'सौम्य' आहे; ते काच खाते, त्वचेतून आत शिरते आणि शरीरातले कॅल्शियम बांधून जीवही घेऊ शकते. विरल असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होते. 'सौम्य' याचा व्यवहारातला अर्थ धरून जो ते हाताळील, त्याला परिभाषा वाचवणार नाही.

आपल्या क्षेत्रात एवढा धोका नाही. तरीही एखाद्या कवितेला तीव्र म्हणताना आपण तिच्या अनुभवाचा स्वभाव सांगत असतो की तिच्यात शब्द किती दाटीने बसले आहेत ते, हे स्वतःला विचारायला हरकत नाही. दाट विणीच्या पुष्कळ कविता आतून सौम्यच असतात, आणि पाण्यासारख्या पातळ भासणाऱ्या काही ओळी जाळतात.