धंतोली : सावलीचा हिशेब

धंतोलीचे जुने नाव क्रॅडॉक टाउन. १९०७ ते १९१२ या काळात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असलेल्या रेजिनाल्ड क्रॅडॉक यांचे ते नाव. महालातले वाडे भिंतीला भिंत लावून उभे राहिले. सीताबर्डीच्या दक्षिणेची ही वसाहत मात्र आखीव भूखंडांची आणि ऐसपैस आवारांची. रामकृष्ण मठही येथे १९२८ मध्ये आला.

येथील उरलेसुरले बंगले पाहताना मला त्यांत उन्हाळ्याचेच शास्त्र दिसते. जाड भिंत दुपारची आच आत पोचायला उशीर लावते, उंच छताखाली गरम हवा वर राहते, पडवी भिंतीवर ऊन पडू देत नाही. दारावर वाळ्याची ताटी, आवारात कडुलिंब. ‘शाश्वत बांधकाम’ हा शब्द तेव्हा नव्हता. गरज मात्र होती आणि आजही आहे : २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला.

आज हे शास्त्र कायद्याच्या भाषेत आले आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक करते. हे योग्यच आहे. नागपूरचा पाऊस वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर. म्हणजे तेवढ्या भूखंडावर साडेपाच लाख लिटर पाणी पडते. तमिळनाडूने तर २००३ मध्येच अशी सक्ती केली होती.

माझी शंका बक्षिसाविषयी आहे. हरित इमारतीच्या मानांकनाप्रमाणे मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के जादा बांधकाम मिळते. निर्देशांक १.१ धरला, तर ५०० मीटरच्या भूखंडावर ७ टक्के म्हणजे साडेअडतीस चौरस मीटर. मोकळ्या शिवारात याने काही बिघडत नाही. धंतोलीत बंगल्यांच्या जागी रुग्णालये आली, आवारांत फरशी बसली, गाड्या उभ्या राहिल्या. तिथे कमी बांधण्याचे बक्षीस जास्त बांधूनच का द्यावे?

शिवाय पाडलेल्या घराचा हिशेब कुठे लागत नाही. त्याच्या विटा भाजायला लागलेले इंधन एकदा खर्चून झालेले असते. नव्या सिमेंट-पोलादासाठी ते पुन्हा जळते. वारसा-यादीतल्या वास्तूला हस्तांतरणीय विकासहक्काचा आधार आहे. यादीबाहेरच्या साध्या बंगल्याला तो नाही. जो मालक जुने घर राखतो, कडुलिंब तोडत नाही आणि अंगणाची माती उघडी ठेवतो, त्याला मालमत्ता करात घसघशीत सूट द्यावी, असे मला वाटते. क्रॅडॉक टाउनच्या आखणीने मोकळी जागा घराचाच भाग मानली होती. नव्या नियमावलीने निदान तेवढे तरी मानावे.