हेक्टर: ग्रीकांनी ज्याच्यासाठी शोक केला तो शत्रू

मागच्या वेळी आपण अकिलीसच्या क्रोधापाशी थांबलो होतो. आज त्या क्रोधाला बळी पडलेल्या माणसाकडे, ट्रॉयच्या हेक्टरकडे वळू या. 'इलियड' हे ग्रीक भाषेतलं, ग्रीक श्रोत्यांसमोर गायलं जाणारं काव्य. हेक्टर शत्रुपक्षाचा सेनानी. तरीही 24 सर्गांचं हे काव्य संपतं ते हेक्टरच्या अंत्यविधीवर. अकिलीसचा मृत्यू त्यात येत नाही, लाकडी घोडाही येत नाही. असं का?

हेक्टर निष्कलंक होता म्हणून, हे उत्तर चालणार नाही. पॅट्रोक्लसला मारल्यावर त्याच्या प्रेताचं डोकं उडवायला निघालेला हाच माणूस. होमर ते लपवत नाही. मग जीव गुंततो कुठे?

6व्या सर्गात हेक्टर रणातून थोडा वेळ नगरात येतो. वेशीपाशी पत्नी ॲन्ड्रोमाकी भेटते, सोबत दाईच्या कडेवर तान्हं मूल. तिचे वडील आणि सात भाऊ अकिलीसनेच मारलेले. ती विनवते, रडते. पण नुसती रडत नाही बरं का! तटाची कुठली बाजू कच्ची आहे, फौज कुठे उभी करावी, हेही सांगते. आमच्या मते वाचक या सल्ल्याकडे फार लवकर पाठ फिरवतात. हेक्टर काय म्हणतो? मागे राहिलो तर ट्रॉयच्या पुरुषांची, बायकांची मला लाज वाटेल. नगर पडणार हे त्याला ठाऊक आहे. तेही तो बोलून दाखवतो. मग मूल त्याच्या शिरस्त्राणावरच्या तुऱ्याला घाबरतं, आईबाप हसतात, आणि तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो.

या लाजेला ग्रीकांचा शब्द आहे 'ऐदोस'. लाज, भीड, आदर, सगळं त्यात आलं. आपल्याकडे म्हणतात ना, जनाची नाही तर मनाची तरी! हेक्टरची लाज यातली कुठली?

18व्या सर्गात अकिलीस परततोय हे दिसल्यावर पॉलिडॅमस सल्ला देतो, की रात्रीच तटाआत चला. हेक्टर तो धुडकावतो. दुसऱ्या दिवशी कत्तल होते. 22व्या सर्गात उरलेले सगळे आत पळालेत आणि हा एकटा वेशीबाहेर. तटावरून म्हातारे आईबाप विनवतायत. तो स्वतःशीच बोलतो: आत गेलो तर पहिला बोल पॉलिडॅमस लावेल; लोक म्हणतील, याच्या घमेंडीपायी माणसं गेली. हत्यारं खाली ठेवून हेलन परत द्यावी का, हाही विचार करून होतो. मग अकिलीस जवळ येतो आणि हेक्टर चक्क पळतो! नगराला तीन फेऱ्या. शांततेच्या काळात बायका जिथे धुणं धूत, त्या कुंडांवरून.

ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या 3ऱ्या भागात नेमकी ही पॉलिडॅमसच्या बोलाची जागा उचलली आहे. बदनामी टाळण्यासाठी दाखवलेलं हे नागरिकाचं शौर्य. खऱ्या शौर्याच्या सर्वांत जवळचं, पण ते नव्हे. म्हणजे जनाची लाज दुय्यम ठरली. ॲरिस्टॉटलबद्दल आम्हाला आदर आहे, पण इथे त्याची वाटणी फार स्वच्छ आहे. हेक्टरला लोकांच्या तोंडून जे ऐकू येतंय, ते त्याच्या मनाला आधीच पटलंय. माणसं खरोखरच त्याच्यामुळे गेली. तिथे जन आणि मन वेगळं कसं काढायचं? (कर्णाची आठवण तुम्हाला येत असेल. पण कर्णाला नाकारल्याची सल होती. हेक्टर घरादाराने भरलेला माणूस.)

आणि हा प्रश्न ग्रीकांच्या दारात येऊन उभा राहिला. इसवी सनपूर्व 416 मध्ये अथेन्सने मेलॉस बेटाला वेढा घातला. बेट शरण आल्यावर प्रौढ पुरुषांना ठार केलं, बायकामुलांना गुलाम म्हणून विकलं. पुढच्याच वसंतात, 415 मध्ये, त्याच अथेन्समध्ये युरिपिडीसचं 'ट्रोजन स्त्रिया' रंगमंचावर आलं. नाटकात ग्रीक हेक्टरच्या मुलाला तटावरून फेकून मारतात. ॲन्ड्रोमाकीला आधीच जहाजावर नेलंय. प्रेत येतं ते बापाच्या ढालीवर, आणि आजी हेक्युबा ते सजवते. ढालीच्या पट्ट्यात हेक्टरच्या दंडाचा ठसा आहे, कडेवर त्याच्या घामाचे डाग. ती ते पाहत राहते.

समोर बसलेल्यांपैकी काहींनी मेलॉसचा ठराव ऐकला असणार, कदाचित त्यासाठी हातही वर केला असेल. स्पर्धेत युरिपिडीसला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं मिळालं झेनोक्लीसला. त्याचं एकही नाटक आज पूर्ण उरलेलं नाही.