हलकी अंडरलिव्हर स्प्रिंग एअर रायफल कशी निवडावी?

जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक बहुतेकांनी कधी ना कधी हाताळलेली असते. नळी मधून मोडायची, मागच्या भोकात छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि नेम धरायचा. या प्रकाराला ब्रेक बॅरल म्हणतात. अंडरलिव्हर रायफलमध्ये नळी जागची हलत नाही. नळीखाली एक लांब दांडा असतो. तो खाली आणि मागे ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर ओढल्यावर स्प्रिंग सुटते, पिस्टन जोरात पुढे जातो आणि त्याच्यापुढे दाबली गेलेली हवा छऱ्याला बाहेर फेकते.

नळी पक्की असल्यामुळे ती दरवेळी नेमक्या त्याच जागी परत बसते की नाही, ही काळजी उरत नाही. अचूकतेसाठी लोक अंडरलिव्हर घेतात ते यामुळे. मात्र याची किंमत वजनात मोजावी लागते.

अंडरलिव्हर जड का असते?

ब्रेक बॅरलमध्ये नळी हाच दांडा असतो. अंडरलिव्हरमध्ये दांडा, त्याचे सांधे आणि त्याला पकडून ठेवणारा खटका हे सगळे वेगळे लागते. शिवाय अनेक मॉडेलमध्ये हवा दाबणारा सिलिंडर बाहेरच्या नळकांड्यात मागेपुढे सरकतो, म्हणजे पोलादावर पोलाद. ब्रिटनच्या एअर आर्म्सची टीएक्स 200 सुमारे 4.2 किलोची आहे, जर्मनीच्या वायराउखची एचडब्ल्यू 97 के साधारण 4 किलोची. या दोन्हींवर उघडे साइट नसतात, म्हणून स्कोप लावावाच लागतो. स्कोप आणि त्याचे माउंट धरून अर्धा किलो तरी वाढतो. कॅटलॉगमधला आकडा वाचताना ही बेरीज हमखास राहून जाते.

वायराउखचीच एचडब्ल्यू 57 सुमारे 3.2 किलोची आहे आणि तिच्यावर उघडे साइट आहेत. खऱ्या अर्थाने हलकी अंडरलिव्हर हवी असेल तर हे चांगले उदाहरण. तिच्यात सिलिंडर सरकत नाही. छर्रा भरण्यासाठी एक छोटा ठोकळा वर उचलला जातो, त्यात छर्रा घालून तो पुन्हा दाबायचा. जाड बोटांच्या माणसाला हे थोडे किचकट वाटते.

हलकी म्हणजे सोपी, असे आहे का?

नाही, आणि खरेदीत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. स्प्रिंग रायफलला दोन धक्के असतात. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला थांबताना ती पुढे झटका खाते. छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते. रायफल जितकी हलकी, तितकी ती जास्त हलते. म्हणून त्याच ताकदीची 3 किलोची रायफल 4 किलोच्या रायफलपेक्षा नेमाला अवघड जाते. 10 मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर 5.5 किलोपर्यंत वजन चालते, आणि तिथे स्प्रिंगचा धक्काही नसतो. नेमबाज तरीही वजनदार रायफलच पसंत करतात.

यावर उपाय म्हणजे हलकी रायफल घ्यायची असेल तर ताकदही कमी घ्यावी. जर्मनीत 7.5 ज्यूलपर्यंतच्या रायफलींवर पंचकोनात एफ हे चिन्ह असते आणि प्रौढांना त्या परवान्याशिवाय मिळतात. 0.54 ग्रॅमचा छर्रा या ताकदीने सेकंदाला सुमारे 166 मीटर जातो. इंग्लंडमधल्या 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16.3 ज्यूलच्या मर्यादेत तोच छर्रा सुमारे 245 मीटरने जातो. अंगणात 10 ते 20 मीटरवर कागदी लक्ष्यावर नेम धरायचा असेल तर पहिला आकडा भरपूर होतो. स्प्रिंग मऊ असते, दांडा सहज ओढला जातो आणि दिवसभरात शंभर छर्रे मारूनही खांदा दुखत नाही.

आखूड मॉडेल घेताना आणखी एक गोष्ट बघावी. दांडा आखूड झाला की तरफ आखूड होते आणि तीच स्प्रिंग दाबायला जास्त जोर लागतो. कार्बाइन खांद्यावर हलकी वाटते, पण दांडा ओढताना जड जाते. त्यामुळे दुकानात नुसती उचलून न बघता पाच-सहा वेळा दांडा ओढावा. मात्र छर्रा न घालता रिकामी झाडू नये. समोर अडवणारी हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट आदळतो आणि सील व स्प्रिंग खराब होतात. दुकानदार आग्रह करत असेल तरी नको.

बोटांची काळजी

सरकत्या सिलिंडरच्या रायफलमध्ये छर्रा भरताना बोट सिलिंडरच्या वाटेत येते. खटका निसटला तर सिलिंडर स्प्रिंगच्या पूर्ण जोराने पुढे येतो आणि बोट तुटू शकते. म्हणून एका हाताने दांडा घट्ट धरून दुसऱ्या हाताने छर्रा घालायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून हवी. अपघाताने सिलिंडर सुटू नये यासाठीचा खटका आहे का आणि तो नीट धरतो का, हे जुनी रायफल घेताना आधी तपासावे. लाकूड किती चमकते ते नंतर.

भारतात घेताना

भारतात 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. खरेदीच्या वेळी ओळखपत्र द्यावे लागते. 5.5 मिलिमीटरची रायफल ताकद कमी असली तरी या सवलतीत बसत नाही, त्यामुळे परदेशी व्हिडिओत पाहिलेले मॉडेल इथे कोणत्या नळीत मिळते ते आधी विचारावे.

जाहिरातीतला वेगही गणित करून बघावा. सेकंदाला 1000 फूट हा आकडा बहुतेक वेळा अगदी हलक्या छऱ्याने काढलेला असतो. 0.54 ग्रॅमच्या छऱ्याने तोच वेग खरोखर मिळाला तर ताकद सुमारे 25 ज्यूल होते, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. ताकद काढण्यासाठी छऱ्याचे वजन किलोत घ्यायचे, वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि निम्मे करायचे. वेग मात्र मीटरमध्ये हवा. विक्रेत्याला वेगासोबत छऱ्याचे वजन सांगता येत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

परवाना नाही म्हणून पक्ष्यांवर नेम धरायची मुभा मिळते, हा मात्र गैरसमज आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि छऱ्याची बंदूक त्यातून सुटत नाही.