उसांतलीं पिलें

चाकण हें नांव आज मोटारींच्या कारखान्यांमुळें सर्वतोमुखीं झालें आहे. परंतु चाकण ज्या खेड तालुक्यांत मोडतें, तो तालुका वनखात्याच्या जुन्नर विभागांत येतो, व तेथें बिबट्यांचा मोठा वावर आहे. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत धरणांचें पाणी आलें, ऊस वाढला, आणि उसाच्या दाटींत बिबट्यानें बिऱ्हाड केलें. मादी तेथेंच विते. ऊसतोड सुरू झाली कीं कोयत्यापुढें पिलें दिसतात. आई दिसत नाहीं, म्हणून तीं पोरकीं समजलीं जातात.

पोरक्या पिलाचें काय करावें, हा प्रश्न जुना आहे. केनयांत १९५६ सालीं जॉर्ज अॅडॅमसन यांच्या हातून एक सिंहीण मारली गेली. तिची एल्सा नांवाची छावी जॉय अॅडॅमसन यांनीं वाढविली, तिला शिकार शिकविली व रानांत सोडली. हेमलकसा येथें डॉ. प्रकाश आमटे यांनीं शिकारींत आई गमावलेलीं अनेक पिलें सांभाळलीं. पण माणसाला सरावलेले त्यांतील बहुतेक प्राणी अनाथालयांतच राहिले.

जुन्नरला निराळा धडा मिळाला. २००१ सालापासून बिबटे पकडून दूर सोडण्यांत येऊं लागले. पूर्वीं माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळांत ते १७ झाले, असें विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं दाखवून दिलें. जनावराचें ठिकाण मोडणें माणसालाच महाग पडलें.

पिलांच्या बाबतींत मग वेगळी वाट धरण्यांत आली. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रांतील पशुवैद्य पिलू तपासतात व संध्याकाळीं तें सांपडलें त्याच शेतांत खोक्यांत ठेवतात. कॅमेरा लावून माणसें दूर होतात. रात्रीं मादी येते, हुंगते व पिलू तोंडांत धरून निघून जाते. ती न आल्यास पिलाच्या नशिबीं बहुधा जन्मभराचा पिंजरा येतो.

या कामीं खरी कसोटी शेतकऱ्याची असते. शिरूर तालुक्यांत २०२५ सालीं बिबट्यानें लहान मुलांचे बळी घेतले. अशा भीतीच्या छायेंत ऊसतोड थांबवून एक रात्र शेत मादीला मोकळें ठेवणें सोपें नाहीं. परंतु पिलू नेलें, तर मादी त्याच्या शोधांत वस्तीभोंवतीं घुटमळते. तें मिळालें, तर त्याला घेऊन दूर जाते. म्हणून उसांत सांपडलेलें पिलू पोरकें मानण्यापूर्वीं त्याच्या आईला एक रात्र द्यावी, हेंच पिलाच्या व गांवाच्याही हिताचें आहे.