भृंगीचें गुपित आणि एक शाळामास्तर

आपल्याकडील वेदान्तग्रंथांत व संतवाङ्मयांत कीटकभृंगीचा दृष्टान्त वारंवार येतो. भृंगी एका अळीला घरट्यांत कोंडते. भयानें भृंगीचेंच अखंड ध्यान करितां करितां अळीहि भृंगी होते, असा त्याचा आशय. दृष्टान्ताला आधार आहे तो प्रत्यक्षाचाच. कुंभारमाशी मातीच्या घरट्यांत अळ्या नेते, तोंड लिंपून टाकते आणि कालान्तरानें आंतून माशीच बाहेर पडते, हें सर्वांच्या पाहण्यांतलें. बंद दाराआड मध्यंतरीं काय घडतें, एवढेंच पाहावयाचें राहिलें होतें. तें चिकाटीनें पाहणाऱ्यांत फ्रान्समधील झां आंरी फाब्र या शाळामास्तरांचें नांव अग्रगण्य आहे.

फाब्र यांचा जन्म १८२३ सालीं दक्षिण फ्रान्समधील सें-लेओं या खेड्यांत गरीब घरांत झाला. शिष्यवृत्तीवर शिकून ते शिक्षक झाले व १८४२ च्या सुमारास कार्पांत्रा येथें वार्षिक ७०० फ्रँक वेतनावर शिकवूं लागले. मुलांना माळावर जमीन-मोजणी शिकवितांना दगडांवर मातीचीं घरें बांधणारी एक मधमाशी त्यांच्या नजरेस आली. तिची हकीकत असलेला ग्रंथ विकत घेण्यांत त्यांनीं सबंध महिन्याचा पगार खर्चिला.

त्या काळीं कीटकांचा अभ्यास म्हणजे बहुधा मेलेले किडे टाचणीला टोचून त्यांना नांवें देणें. लेओं द्यूफूर या विद्वानांनीं एका गांधीलमाशीच्या बिळांत साठविलेले भुंगेरे न कुजतां ताजे राहतात हें पाहून, ते मेलेले असून माशीच्या विषामुळें टिकतात, असें अनुमान केलें होतें. फाब्र यांनीं त्याच वंशांतील माशीच्या बिळापाशीं बैठक मारली. विजेचा धक्का देतांच भुंगेऱ्याचे पाय हालले. भक्ष्य जिवंत होतें! माशीची नांगी मज्जाकेंद्रावर लागते. भक्ष्य लुळें पडतें, पण मरत नाहीं, आणि अंड्यांतून निघालेल्या अळीला ताजें अन्न मिळतें. तेथेंच अमोनियाचा थेंब सोडून फाब्र यांनीं स्वहस्तें भुंगेरे लुळे केले. हा निबंध १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें कुंभारमाशीच्या घरट्याला खिडकी पाडून त्यांनीं आंत पाहिलें. वळवळणाऱ्या अळ्यांच्या धक्क्यानें चिरडूं नये म्हणून अंडें छताला बारीक तंतूनें टांगलेलें होतें. भृंगी होते ती या अंड्यांतील जीवाची. कोंडलेली अळी तिचा आहार होते.

कीर्ति मिळाली, पण पोट भरलें नाहीं. आव्हिन्यों येथें वर्षानुवर्षें शिकवूनहि वेतन १६०० फ्रँकांच्या वर गेलें नाहीं. तशांत शिक्षणमंत्री द्यूर्वी यांच्या उत्तेजनानें त्यांनीं रात्रीचे विज्ञानवर्ग चालविले. तेथें मुलींनाहि प्रवेश होता, आणि फुलांत फलधारणा कशी होते हें त्यांच्यापुढें सरळ सांगितलें जाई. सनातनी मंडळी खवळली. वर्ग बंद पडले, घरमालकिणींनीं बिऱ्हाड खालीं करविलें, आणि शिक्षकाची नोकरीहि सुटली. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनीं ३००० फ्रँक उसने दिले म्हणून कुटुंब तरलें. पुढें पाठ्यपुस्तकें लिहून फाब्र यांनीं चरितार्थ चालविला व कर्जहि फेडलें.

१८७९ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, सेरिन्यां गांवीं त्यांना स्वतःची जागा घेतां आली. ती दगडधोंड्यांची व कांटेरी, म्हणून पिकाला निरुपयोगी. परंतु माशांना व भुंगेऱ्यांना नंदनवन. तेथें त्यांनीं कीटकांच्या आठवणींच्या दहा खंडांपैकीं बहुतेक लिहिले. शेवटचा १९०७ सालीं निघाला. १९१५ सालीं ते निवर्तले. ती जागा पुढें संग्रहालय झाली.

त्यांचीं सर्वच मतें टिकलीं नाहींत. माशीचा डंख ते मानीत तितका अचूक नसतो, आणि उत्क्रांतिवाद त्यांनीं कधींच स्वीकारला नाहीं. तरीहि खुद्द डार्विन यांनीं आपल्या ग्रंथांत त्यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव केला. कारण मत चुकलें तरी पाहिलेलें लटकें नव्हतें. कुंभारमाशीचें घरटें आजहि कोठल्याही घराच्या कोनाड्यांत सांपडतें. तें पाडण्यापूर्वीं मुलांना घटकाभर त्याच्यासमोर बसूं द्यावें.