दातांच्या ठशाची द्रव्ये : नावांतून दिसणारा इतिहास

कवळी करवून घेणारा मनुष्य दंतवैद्याकडे ‘माप’ देऊन आलो असे म्हणतो. वस्तुतः तेथे मोजले असे फारसे काही जात नाही. जबड्याचा उलटा ठसा घेतला जातो आणि त्यात प्लास्टर ओतून जबड्याची सुलटी प्रतिकृती तयार केली जाते. हा ठसा ज्या द्रव्यात उमटतो, त्याचा इतिहास सामान्यतः युरोप व अमेरिकेतील शोधकांची नामावली ह्या स्वरूपात सांगितला जातो. परंतु द्रव्यांची नावे तपासली असता हा इतिहास आशियातील अरण्ये व समुद्र यांच्याशीही निगडित असल्याचे दिसून येते.

ठसाद्रव्याकडून तीन अपेक्षा असतात. ते तोंडात मऊ असावे व काही मिनिटांत घट्ट व्हावे. दातांच्या फुगीर भागाखालील खाचांतून बाहेर काढताना ते विकृत होऊ नये. आणि प्लास्टर ओतेपर्यंत त्याचा आकार टिकावा. बर्लिनचे फिलिप फाफ यांनी इ.स. १७५६ मधील आपल्या ग्रंथात मेणाचा ठसा दोन भागांत घेण्याची रीत वर्णिली आहे. मेणाला खाचांतून निघताना मूळ आकार राखता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्लास्टरचा ठसा प्रचारात आला. तो बारकावे उत्तम टिपी. मात्र तो ताठर असल्यामुळे खाचा असतील तेथे तोडून तुकड्यांनी काढावा लागे व तुकडे पुन्हा जुळवावे लागत.

ह्याच सुमारास गटापर्चा हे द्रव्य पुढे आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य विल्यम मॉन्टगोमेरी यांनी १८४३ मध्ये त्याचे नमुने सिंगापूरहून लंडनला पोहोचविले होते. नावातील ‘गटा’ म्हणजे मलय भाषेतील ‘गेताह’, अर्थात झाडाचा चीक. दुसऱ्या पदाविषयी मतभेद आहेत. हे द्रव्य गरम पाण्यात मऊ होई, पण निवताना आकसे. लंडनचे दंतवैद्य चार्ल्स स्टेंट यांनी १८५६-५७ च्या सुमारास त्यात स्टिअरिन व शंखजिऱ्याची पूड मिसळून हा दोष बराच कमी केला. पहिल्या महायुद्धात डच शल्यवैद्य योहानेस एसर यांनी चेहऱ्याच्या जखमांत त्वचारोपण जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी हेच मिश्रण वापरले. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीला आज ‘स्टेंट’ म्हणतात, तो शब्द ह्याच आडनावावरून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ द्रव्य मागे पडले; आधार देण्याचा अर्थ मात्र शब्दासोबत पुढे गेला.

तथापि स्टेंट यांचे मिश्रणही निवल्यावर ताठरच होई. लवचीकतेचा प्रश्न सुटला तो अगर ह्या द्रव्यामुळे. व्हिएन्नाचे आल्फोन्स पोलर यांनी १९२५ मध्ये अगराधारित ठसाद्रव्य सिद्ध केले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ते दंतवैद्यकात आले. समुद्रातील लाल शेवाळापासून मिळणारे अगर उकळत्या पाण्याच्या उष्णतेस वितळते, पण पुन्हा गोठते ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. ह्या अंतरामुळेच ते तोंडात सोसवेल इतक्या उष्णतेस द्रवरूपात वापरता येते. ‘अगर’ हा शब्दही मलयच. पुरवठा मात्र मुख्यतः जपानचा.

दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रुपक्षात गेल्यावर ब्रिटन व अमेरिका यांचा हा पुरवठा तुटला. पर्याय अटलांटिकच्या किनाऱ्यावर होता. स्कॉटलंडमधील तपकिरी शेवाळापासून अल्जिन वेगळे करण्याचे काम रसायनज्ञ स्टॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकातच केले होते, आणि १९४० च्या सुमारास विल्डिंग यांनी त्यापासून ठसाद्रव्य बनविले. अल्जिनेटची भुकटी पाण्यात कालवली की त्यातील कॅल्शियमच्या क्षाराशी तिचा संयोग होऊन लवचीक गोळा तयार होतो. तो पुन्हा वितळत नाही. उष्णतेची गरज नसल्याने हे द्रव्य वापरण्यास सोपे, आणि म्हणून युद्ध संपल्यावरही ते टिकून राहिले. पाणी गमावून ते आकसते, हा त्याचा दोष. त्यामुळे ठशात प्लास्टर लवकर ओतावे लागते.

१९५० नंतर पॉलिसल्फाइड, सिलिकोन व १९६५ च्या सुमारास पॉलिईथर ही कृत्रिम रबरे आली आणि अरण्य व समुद्र यांच्याशी असलेला संबंध सैल झाला. १९८० च्या दशकापासून तर तोंडातील प्रतिमा यंत्राने टिपून द्रव्याविनाच नमुना घडविता येऊ लागला. तरीही अल्जिनेट आजही नित्य वापरात आहे. ते केवळ गुणांच्या स्पर्धेत जिंकून आलेले नाही. अगराची वाट बंद झाली, म्हणून ते पुढे आले. म्हणूनच ठसाद्रव्यांच्या इतिहासात गुणधर्मांच्या तक्त्याबरोबर सागरी व्यापाराचा नकाशाही वाचावा लागतो.